देवीचा डबा आणि दोन टोप्या

ढाणकीजवळच्या आमच्या गावात त्या दुपारी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. साल एकोणीसशे बासष्ट. ओट्यावर पांढरं धोतर टांगलेलं, आणि त्यापुढे फवारेबाबा, हातात लाल फडक्यात गुंडाळलेला परदेशी डबा. डबा हलवला की आत काहीतरी खडखडायचं.

"ऐका! देवी बोलून राह्यली!" बाबा ओरडायचा.

निर्दोष माणसाने डब्याच्या तोंडावरची बारीक भोकाची टोपी दाबली की धोतरावर लाल फवारा उडतो, पाप्याने दाबली तर देवी मुकी होते, असं बाबाचं शास्त्र. बाबांची शास्त्रं बाबांच्या सोयीचीच असतात, पण माझ्यासारख्या शाळामास्तराला तिथे विचारतो कोण!

गावातल्या उकंडा शेतकऱ्याचा बैल मेला होता. धम्म घेतल्यापासून कौसल्याबाईच्या घराने मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं. बैल दोन दिवस गोठ्यात कुजला आणि उकंडाचं डोकं फिरलं. बैल कौसल्याबाईच्या करणीने मेला, असं सांगून बाबाने त्या रागाला वाट दिली. डबा मुका राहिला तर कौसल्याबाईने दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, असं पंचांनी ठरवलं.

आधी चौघांनी दाबलं. चारही वेळा लाल. दर वेळी बाबा टोपी काढून करवंटीतल्या तीर्थात बुडवायचा, फुंकायचा, परत बसवायचा आणि डबा खडखडवायचा. मग कौसल्याबाई पुढे आली. या वेळी बाबाचा हात कमरेच्या शेल्यात जाऊन आला. डबा त्याने हलवलाही नाही.

तिने दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. धोतर तसंच.

"हाणा तिले!" कोणीतरी दगड उचलला.

"थांबा!" उमरखेडचा अब्दुल गनी गर्दी सारत पुढे आला. लॉऱ्यांना पंपाने रंग मारणारा हा कारागीर शाळेची पाटी रंगवायला आला होता. त्याने करवंटी नाकाशी धरली. "हे तीर्थ नाही, थिनर हाये. रंग पातळ कराचं. अन् बाबा, बाईच्या वेळेस दुसरी टोपी काहून लावली? तुमीच दाबा आता."

"भक्ताची परीक्षा नसते, बेटा. देवी कोपन!"

"दाबा म्हन्तो ना!" हे उकंडा बोलला.

बाबाने दाबलं. डबा मुकाच.

"भोकात रंग सुकून बसला." गनीने तीच टोपी थिनरमध्ये चोळली, फुंकली, बसवली. "दाबा, बाई."

फुस् झालं आणि नुसतं फिकं पाणी टपकलं. गर्दी खवळली. दगड पुन्हा वर गेला. गनीने डबा कानाशी नेला.

"अरे, हलवाचा राह्यला! रंग तळाले बसते." त्याने डबा जोरजोरात हलवला. "ऐका. देवी नाही बोलत. रंग घुसळाले आत गोटी हाये."

कौसल्याबाईने दाबलं. धोतर लालभडक झालं.

तिने डबा ओट्यावर ठेवला. "उकंडा, तुहा बैल कायनं मेला ते ढोरांच्या डाक्टरले इचार. अन् पुढचं ढोर तूच ओढ."

दिवस मावळायच्या आत गाव सोडलं ते बाबाने.

ही गोष्ट गनीच्या हुशारीची म्हणून मी पुष्कळांना सांगितली आहे. पण बाबाचा हात शेल्यात गेलेला मीही पाहिला होता आणि गप्प बसलो होतो. त्याची लाज अजून वाटते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो करणाऱ्याच्या हातांकडे नीट पाहा. आणि काही दिसलं तर, कृपा करून, दगड उचलला जाण्याआधी बोला.