खडूच्या खुणा

टेलर मास्तर गेले तेव्हा मास्तरीण रडली नाही, म्हणून लोकांनी नाना तर्क केले. लोकांचं काय, त्यांच्या जिभेला हाड नसतं. खरं एवढंच की तिला रडायला फुरसतच सापडेना. शिलाईचं दुकान तिच्या गळ्यात पडलं होतं. हात मशिनवर आणि मन गावभर. एक ना धड, भाराभर चिंध्या.

गावभर तरी कुठे, मास्तरांपाशीच. काज करता करता ती मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची, दुपारी काय जेवली ते सांगायची आणि त्यांची उत्तरंही आपणच द्यायची. एवढा भरला संसार चालू असताना रडायचं कशाला?

दुकानात खुंटीला एक राखाडी कोट होता, गणिताच्या सरांचा. कच्चे टाके घालून मास्तरांनी तो सरांच्या अंगावर चढवून पाहिला होता, कुठे आत घ्यायचं, कुठे सोडायचं त्या खुणा पांढऱ्या खडूने केल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात ते गेले. कोट पुरा केला की खुणा जाणार. त्यांच्या हातचं दुसरं ताजं असं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्याला कात्री लावायची मास्तरिणीची छाती होईना. सर आले की ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात नक्की." शिंप्याचा वायदा तो. सर बिचारे मान डोलवून परत जायचे.

नणंद हॉस्पिटलात नर्स. तिला हे लक्षण बरं दिसेना.

"वहिनी, चहा पितेस तेव्हा चहाच पी गं. कप किती गरम आहे, घोट कसा उतरतो, तेवढंच बघ. मन पळालं तर न रागावता परत आण. आमच्याकडे पेशंटना शिकवतात हे. दिवसभर दादाशी बोलत राहिलीस तर..."

"तर काय, वेडी होईन?"

"नाही. दमशील."

मास्तरिणीने करून पाहिलं. पण चहात मन ठेवलं की दुसरा घोट घेववत नसे. मग ती कप तसाच ठेवून मशिनवर बसायची. कळत होतं, वळत नव्हतं.

एका दुपारी इस्त्रीचा ढीग पुढ्यात होता. हात चालले होते आणि मन मास्तरांशी वाद घालत होतं, हातशिलाई कुणाची सुबक, तुमची की माझी. शर्ट झाले, पँटी झाल्या. हाताने खुंटीवरून पुढचा कपडा ओढला, पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. "बरं बाई, तुमचीच सुबक," असं हसत म्हणून तिने खाली पाहिलं.

राखाडी कोट. अगदी गुळगुळीत. त्या मेणाच्या खडूला इस्त्री लागली की तो राहत नाही, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. तिने कोट उजेडात धरला, बोट फिरवून पाहिलं. काही नाही. ज्यांच्याशी बोलण्यात रंगली होती, त्यांनाच पुसून बसली होती.

संध्याकाळी नणंद आली. झालेलं ऐकलं आणि कोट मांडीवर घेऊन खुणांच्या जागा बोटाने शोधत राहिली. हिचाही भाऊच गेलाय, हे मास्तरिणीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मग नणंद म्हणाली, "सरांना बोलाव."

दुसऱ्या दिवशी सर आले. मास्तरिणीने टाचण्या ओठांत धरल्या, तसं मनातलं बोलणंही आपसूक थांबलं. सरांचा डावा खांदा जरा उतरलेला होता, तिथे कापड फुगत होतं. ती नीट बघत राहिली, मग खडूने रेघ ओढली. मास्तरांची बारीक असायची, हिची जाड आली.

सर गेल्यावर तिने कच्चे टाके काढायला घेतले. नणंद शेजारी बसली होती. धागा सुईच्या टोकाने उचलायचा, हळू ओढायचा, कापड दुखवायचं नाही. मन पळालं, तिने परत आणलं. पुन्हा पळालं, पुन्हा आणलं. शेवटचा धागा कॉलरखालून सुटून आला, तेव्हा तिने सवयीने मास्तरांना विचारलं, "झालं ना बरोबर?"

उत्तर आलं नाही. या वेळी तिनेही दिलं नाही. मन हातापाशीच होतं, हातात पांढरा दोरा होता, आणि समोर मास्तरांच्या मशिनवर कुणी नव्हतं. मास्तर गेले होते.

मास्तरीण दोरा बोटाला गुंडाळून रडायला लागली. नणंदेने उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.