मऊ मातीत पास

कारखान्यात त्यांना सगळे पासमास्तर म्हणत. तोंडावर साहेब आणि पाठ वळली की पासमास्तर. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

कारखाना छोट्या ट्रॅक्टरला जोडायचे हायड्रॉलिक ऑगर बनवायचा. ऑगर म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा जाडजूड लोखंडी स्क्रू, ट्रॅक्टरच्या मागे उभा टांगलेला. ट्रॅक्टरमधलं तेल दोन नळ्यांतून त्याच्या मोटरीत जातं, मोटर फिरते, स्क्रू जमिनीत घुसतो आणि माती वर फेकतो. खांब रोवायचे असोत की झाडं लावायची असोत, बोलता बोलता खड्डा तयार. निदान माहितीपत्रकात तरी तसंच छापलेलं होतं.

तयार झालेला प्रत्येक ऑगर बाहेर पडण्याआधी पासमास्तरांसमोर हजर व्हायचा. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून जमिनीचा एक तुकडा होता, तिथे चाचणी व्हायची. पासमास्तर खुर्ची टाकून बसत, चष्मा पुसत आणि मान हलवत. मान हलली की ऑगर खाली यायचा आणि भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसा जमिनीत जायचा. मग ते उठून खड्ड्यात काठी सोडत, खोली बघत आणि खिशातून हिरवा गोल स्टिकर काढून यंत्रावर चिकटवत. स्टिकरवर एकच शब्द होता, पास. संध्याकाळी सगळे खड्डे त्याच मातीने बुजवले जात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा खणले जात.

इतकी वर्षं रोज उकरलेल्या आणि रोज भरलेल्या त्या मातीचं पीठ झालं होतं. ऑफिसातल्या बायका कुंड्यांसाठी ती पिशवीतून घरी न्यायच्या. एकदा हिशेबनीसाच्या हातून छत्री निसटली ती उभीच्या उभी मुठीपर्यंत आत गेली. चौघांनी मिळून छत्री काढली, झटकली, हसले आणि आपापल्या टेबलाशी परतले. यातून काही निष्कर्ष निघतो, हे एवढ्या शिकल्यासवरल्या मंडळींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पासमास्तरांच्या तर नाहीच नाही. त्यांच्या कारकिर्दीत एकही यंत्र नापास झालं नव्हतं आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. स्टिकर छापणाऱ्याने पहिल्याच ऑर्डरबरोबर लाल फेलच्या स्टिकरचं एक भेंडोळं फुकट दिलं होतं. ते टेबलाच्या खणात तसंच बांधलेलं पडलं होतं.

हिरव्या स्टिकरचं वेड घरीही पोहोचलं होतं. फ्रिजवर पास, शिवणयंत्रावर पास, लेकीच्या शाळेच्या दप्तरावर पास. लेकीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटो बराच वेळ न्याहाळून त्यांनी त्याच्या कपाळाच्या जरा वर स्टिकर लावला होता. बायको म्हणाली, "अहो, निदान त्याच्याशी बोला तरी आधी." ते म्हणाले, "बघताक्षणी कळतं." जावई खरोखरच चांगला निघाला आणि त्यामुळे पासमास्तर सुधारायची शेवटची संधी गेली.

तक्रारी यायच्या, नाही असं नाही. पण त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. 'यंत्र चाचणीत पास आहे. कृपया आपली जमीन तपासून घ्यावी.' लोक जमीन तपासत असतील किंवा कपाळाला हात लावत असतील. ती चौकशी कारखान्याने कधी केली नाही.

मग एके दिवशी व्याह्यांचा फोन आला.

व्याही डोंगरउतारावर राहत. त्यांना पडीक तुकड्यावर फळझाडं लावायची होती. ते मजूर सांगणार होते, पण सून मध्ये पडली. "माझ्या बाबांनी पास केलेलं यंत्र आहे, बघायलाच नको," असं ती भरल्या घरात म्हणाली आणि सुनेच्या शब्दाखातर व्याह्यांनी ऑगर घेतला.

"यंत्र फार सुरेख आहे हो," व्याही फोनवर म्हणाले. "रंग तर काय सुंदर. आमच्याकडे सगळ्यांना आवडलं."

"वा. खड्डे झाले का सगळे?"

"खड्डे तेवढे होत नाहीत. पण ते एक सोडलं तर बाकी काही म्हणजे काही नाव ठेवायला जागा नाही."

पासमास्तरांच्या ओठांवर 'कृपया आपली जमीन' आलं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं. तेवढ्यात लेकीने फोन घेतला आणि ती बाजूला गेली असावी, कारण आवाज एकदम खाली आला.

"बाबा, रोपं येऊन पडली आहेत. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलीत, पण किती दिवस तग धरणार? मी सांगितलं म्हणून यंत्र घेतलं यांनी. आणि मला कुणी एक शब्द बोलत नाहीये."

"मग बरंच आहे की."

"बरं कसलं बाबा. भांडले असते तर बरं होतं. मी पाहुणी असल्यासारख्या सासूबाई माझ्याशी वागायला लागल्यात. तुम्ही या."

पासमास्तर गेले. जाताना कारखान्यातून स्वतः निवडलेला नवा ऑगर घेतला. आदल्या दिवशी मागच्या तुकड्यावर त्याची दोनदा चाचणी घेतली आणि दोनदा पास केला. एका ऑगरवर दोन हिरवे स्टिकर हा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता.

व्याह्यांच्या उतारावर सगळं घर जमलं होतं. जावई ट्रॅक्टरवर बसला. पासमास्तरांनी चष्मा पुसला, मान हलवली. ऑगर खाली आला, टेकला, फिरला आणि फिरतच राहिला. जमिनीवर एक गोल चकाकायला लागला. मग मोटरीने दम टाकला, व्हॉल्व्हमधून बारीक शिट्टी निघायला लागली आणि स्क्रू जागच्या जागी थांबला.

"हा कसला आवाज?" पासमास्तरांनी विचारलं.

"जोर पुरत नाही तेव्हा तेल परत टाकीत पळतं, त्याचा," जावई म्हणाला. "तुमच्या पुस्तिकेतच लिहिलंय, बाबा."

पासमास्तरांनी तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी यंत्र उलटं फिरवायला लावलं, पुन्हा सुलटं फिरवायला लावलं, जागा बदलायला लावली. उतारावर चार-पाच ठिकाणी चकचकीत गोल तयार झाले. कुणीतरी ताटल्या मांडून ठेवाव्यात तसे ते दिसत होते. व्याहीण पदर सावरत म्हणाल्या, "दमला असाल. चहा टाकते."

"दोष आमच्या जमिनीचाच," व्याही हात जोडून म्हणाले. "तुमचं यंत्र बिचारं काय करणार? जमिनीने तुमच्यासारख्या माणसाचा मान ठेवायला हवा होता."

वर्षानुवर्षं परक्यांना पाठवलेलं उत्तर असं साखर पेरून परत आलं. पासमास्तरांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, यंत्रावरच्या दोन हिरव्या स्टिकरांकडे बघत होती. ते खाली वाकले आणि एक ढेकूळ उचललं. बोटांनी दाबलं, मग दोन्ही हातांनी दाबलं. ढेकळाला तडाही गेला नाही. तेव्हा कुठे त्यांना हिशेबनीसाची छत्री आठवली.

दुसऱ्या दिवशी ते ढेकूळ त्यांनी मालकांच्या टेबलावर ठेवलं. मालक होते, विक्रीवाले साहेब होते.

"हे काय?" मालकांनी विचारलं.

"जमीन," पासमास्तर म्हणाले. "बाहेर अशी असते."

त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी सुचवलं की अशी टणक माती टेम्पो भरून मागवावी, मागच्या तुकड्यावर ठोकून बसवावी आणि तिच्यावर चाचणी घ्यावी.

"मग यंत्रं पास होतील?" विक्रीवाल्या साहेबांनी विचारलं.

"नाही होणार."

"म्हणजे चालणारी चाचणी मोडून न चालणारी आणायची." विक्रीवाले साहेब मालकांकडे वळले. "साहेब, यांची तब्येत बरी दिसत नाही."

मालकांनी ढेकूळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. ते विचारी गृहस्थ होते आणि विचार करायला लागले की आजूबाजूच्यांची धडगत नसे. "टेम्पो पाठवायची कल्पना मात्र छान आहे," ते म्हणाले. "फक्त उलट दिशेने पाठवू. आपली माती ग्राहकाकडे. जिथे यंत्र, तिथे माती. सुरुवात तुमच्या व्याह्यांपासून. फोटो काढा, नव्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तुम्हीच."

विक्रीवाल्या साहेबांनी टाळी वाजवली. जन्मभर मान उभी हलवायची सवय लागलेल्या माणसाला ती आडवी हलवणं जड जातं. पण घरी जाण्याआधी त्यांनी खण उघडला, लाल भेंडोळं काढलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

टेम्पो उतारावर रिकामा झाला आणि पिठासारख्या मातीचा ढीग उभा राहिला. विक्रीवाले साहेब मोबाइल घेऊन सज्ज. जावयाने यंत्र ढिगावर आणलं, ऑगर सुर्रकन आत गेला, माती कारंज्यासारखी उडाली. व्याही, व्याहीण दोघांनी "छान, छान" म्हटलं. पाहुण्यांच्या मुलाने बेसूर गाणं म्हटल्यावर म्हणतात, अगदी तसंच.

लेक पुढे आली. तिने पोत्यातून एक रोप काढून ढिगातल्या खड्ड्यात धरलं आणि वडिलांकडे पाहिलं.

"बाबा, हे मुळं कुठे सोडणार? खाली तर तीच जमीन आहे."

"ते नंतर बघू," विक्रीवाले साहेब म्हणाले. "साहेब, यंत्राशेजारी उभे राहा. हात यंत्रावर. जरा हसा."

पासमास्तर यंत्राशेजारी उभे राहिले. लेकीच्या हातातल्या रोपाची मुळं वाळून दोऱ्यांसारखी दिसत होती. त्यांना लाज वाटली. यंत्राची नाही, कारखान्याचीही नाही. दप्तरापासून जावयापर्यंत न बघता चिकटवलेल्या प्रत्येक हिरव्या गोलाची वाटली आणि सर्वांत जास्त या पोरीसमोर वाटली, जिने ते सगळे गोल खरे मानले होते.

त्यांनी यंत्रावरचे दोन्ही हिरवे स्टिकर नखाने खरवडून काढले. मग खिशातून भेंडोळं काढलं, लाल स्टिकर सोडवला आणि त्या जागी लावला. तो खाली पडला. दुसरा लावला, तोही पडला. इतक्या वर्षांत त्यांचा गोंद पार वाळून गेला होता. शेवटी तिसरा स्टिकर त्यांनी अंगठ्याने यंत्रावर दाबून धरला.

"आता काढा फोटो," ते म्हणाले.

"साहेब, तो लाल आहे," विक्रीवाले साहेब म्हणाले.

"वाचता येतं मला. व्याहीबुवा, तुमच्या जमिनीत काही दोष नाही. यंत्र भिकार आहे, आणि मी ते भुसभुशीत मातीवर पास करत आलो. पोरीने माझ्या भरवशावर तुम्हाला सांगितलं. तिची काही चूक नाही."

विक्रीवाल्या साहेबांनी मोबाइल खिशात घातला आणि मालकांना काय सांगायचं याचा विचार करत टेम्पोत जाऊन बसले. अंगठा उचलला तर स्टिकर पडेल, म्हणून पासमास्तर तसेच उभे होते.

व्याह्यांचे जोडलेले हात सुटले. "अहो, मग आधी नाही का बोलायचं?" ते असे कडाडले की व्याहीणबाईंनी दचकून पाहिलं. "चांगली जमीन माझी, आणि मी गेले कितीतरी दिवस तिला नावं ठेवतोय तुमच्यापायी. रोपं सुकवलीत माझी. वर हा उकिरडा आणून टाकलात. हा उचलणार कोण?"

"मी उचलतो," पासमास्तर म्हणाले.

"उकिरडा मरू दे. आधी रोपं." व्याही तरातरा घराकडे गेले, दोन पहारी घेऊन आले आणि एक पासमास्तरांच्या हातात कोंबली. "कोट काढा. तिथून सुरू करा. आणि अगं, ऐकलंस का, यांना चहाबिहा काही नको. काम झाल्यावर सगळ्यांबरोबर मिळेल." मग सुनेकडे वळून ओरडले, "तू काय बघत उभी? पाणी आण पोत्यांवर मारायला."

लेक पाणी आणायला पळाली. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिच्यावर कुणीतरी ओरडलं होतं आणि जाताना ती हसत होती.

पासमास्तरांनी कोट काढून ट्रॅक्टरवर टाकला. पहिल्या घावाला पहार उलटी उसळली, दुसऱ्याला हात झिणझिणले. जमिनीतून मुठीएवढा तुकडा निघायला बराच वेळ लागला. उन्हं उतरली तेव्हा त्यांचा एक खड्डा झाला होता. व्याह्यांचे तीन झाले होते, आणि हे ते मुद्दाम मोठ्याने सांगत होते. तळहातांना फोड आले होते. पासमास्तर पहारीवर रेलून उभे राहिले आणि त्यांनी सवयीने खिसा चाचपला. खिशात काही नव्हतं.

लेक रोप घेऊन आली. तिने जवळची एक काटकी उचलली, खड्ड्यात उभी सोडली आणि वाकून बघितलं. पासमास्तर तिच्या मानेकडे बघत राहिले.

तिने मान आडवी हलवली. "अजून वीतभर खोल, बाबा."

त्यांनी पहार उचलली.