तणनाशकाचं पाणी आणि गव्हाचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावर गंजाचे डाग आहेत, पण मला कामातून गेलेली समजू नका. मी आर्णी रस्त्यावरच्या एका तणनाशकाच्या कारखान्यातली जुनी टाकी आहे. नागपूरच्या वर्कशॉपात माझे पत्रे जोडले, आतून रबर चढवलं आणि पोटात पंखा बसवला. कारखान्याचं विषारी सांडपाणी माझ्याकडे येतं. त्यात आधी आम्ल, मग हिराकस नावाचा लोखंडाचा क्षार, मग पेरॉक्साइड घालतात. पंखा फिरतो, विष मोडतं, शेवटी चुना टाकला की गाळ खाली बसतो. चव मात्र विचारू नका!

पाहुण्यांना चकचकीत यंत्रं दाखवतात, माझ्याकडे कोणी फिरकत नाही. मला पुसतो तो फक्त माझा ऑपरेटर लखीराम. त्याचा तांडा नाल्याच्या खालच्या अंगाला आहे. त्याची बायको रुपीबाई नाल्यावर मोटर लावून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, भिजवते.

यंदा श्रावणात पावसानं दडी मारली, नाला आटू लागला, आणि नेमकं पाणी तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलं. त्याच्याशिवाय आम्ही नाल्यात थेंब सोडत नव्हतो. लखीरामनं युक्ती काढली. तीजेला तांड्यावरच्या पोरी टोपलीत गहू पेरतात, तसा त्यानं डब्यात पेरला आणि त्याला माझंच पाणी घातलं. गहू तरारून आला. मीही फुगून गेले. लखीरामनं व्हॉल्व्हला हात घातला, तेवढ्यात केमिस्ट मधुवंती मॅडम आल्या.

"थांबा लखीरामभाऊ! काय करून राह्यले?"

"पाणी चांगलं हाये मॅडम. गहू पाहा ना, कसा हिरवागार!"

"अहो, आपलं औषध गव्हातलंच तण मारते. गव्हाले त्याचं काहीच होत नाही. पऱ्हाटी लावून पाहा!"

लखीरामनं झटकन हात मागे घेतला. "माही रुपी आजच नाल्याच्या पाण्यानं पऱ्हाटीचं वलित करणार होती," तो म्हणाला.

मॅडमनी पऱ्हाटीची रोपं लावली. माझ्या पाण्यानं त्यांची नवी पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली, आखडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग कारण सापडलं. पेरॉक्साइडचे कॅन उन्हाळाभर शेडबाहेर तापले होते, त्यांचा जोरच गेला होता. कारखाना थांबला, नवे कॅन आले, ते सावलीत ठेवले. सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी आठ दिवसांनंतरही रोपांची पानं तळहातासारखी पसरलेली होती. दुरुस्त होऊन आलेल्या यंत्रानंही होकार दिला.

व्हॉल्व्ह उघडला तेव्हा काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरला! मित्रांनो, पाणी नितळ दिसलं म्हणून सोडून देऊ नका. ते ज्याच्या शेतात जाणार, त्याचंच पीक आधी त्यावर लावून पाहा.

त्या दिवशी रुपीबाई जेवणाचा डबा घेऊन आली होती.

"काहून रडून राह्यले?" तिनं लखीरामला विचारलं.

"काही नाही. चुना गेला डोळ्यात."

चुन्याची गोणी तर सकाळपासून बांधलेली होती.