प्रतापगडला निघालेली जीप

"हलू नका कोणी! गंगुबाई, पान नंतर लावा!" आमचे हे जीपखालून ओरडले. बाहेर नुसते त्यांचे पाय दिसत होते.

आम्ही सहाजणी आत लोणच्याच्या फोडींसारख्या दाबून बसलेल्या, आणि गाडी अजून लालबागच्या गॅरेजातच उभी! ह्यांची रीतच तशी. गाडीचं काम संपत आलं की चाळीतली माणसं हाका मारून आणायची, आत कोंबायची आणि भरल्या गाडीखाली शिरून माप घ्यायचं. "रिकामी गाडी खोटं बोलते," असं म्हणायचे. चाळीतल्या निम्म्या लोकांनी मोटारीत बसायची हौस ह्यांच्याच कृपेनं भागवून घेतली होती.

जीप गिरगावच्या अच्युतराव वकिलांची. लढाईनंतर मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. घाटातल्या धोंड्यांवर पोट घासू नये म्हणून त्यांनी स्प्रिंगचे पाटे वाढवून ती चांगली वीतभर उंच करून घेतली. गाडी उंच झाली आणि शॉकअप पडलं आखूड. चाक खड्ड्यात आपटलं की गाडीला उसळू देत नाही ती नळी म्हणजे शॉकअप. तिचं वरचं टोक ज्या ब्रॅकेटला अडकवतात, ते चारही चाकांपाशी कापून, खाली आणून, पुन्हा वेल्डिंग करायचं होतं. चाक हवेत लोंबकळलं तरी नळी ताणून संपता कामा नये, संपली तर ब्रॅकेट उपटून काढील, हे मलासुद्धा पाठ झालं होतं. दुसरं काही बोलतील तर ना जेवताना!

ह्यांची एवढी धास्ती का, ते मला ठाऊक होतं. त्या गाडीतून मी जाणार होते. प्रतापगडावर दिल्लीचे पाहुणे येणार आणि संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं वाटेवर काळी निशाणं घेऊन उभी राहणार. माझा पाठचा भाऊ रामू छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबारात गेला. गिरणीतून सुटून घरी येत होता, तेवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, त्याच्या नावानं एकदा तरी उभं राहायचं आणि कुणाला तरी ते दिसायला हवं.

"घाट आहे गं," हे म्हणाले होते. "गर्दी, लाठ्या. काय झालं तर?"

"रामू घाटात नव्हता. नाक्यावर होता," मी म्हटलं. त्यावर ते ब्रॅकेट घासत बसले.

भरल्या गाडीचं माप झालं. आम्हांला उतरवून ह्यांनी एकेक चाक जॅकवर घेतलं, लोंबकळू दिलं, शॉकअपला बोटं लावून पाहिली. तीन चाकं झाली. चौथ्याकडे, मागच्या डाव्या चाकाकडे, वळतात तोच पुढच्या बाजूला फाटकन आवाज झाला. गंगुबाईनं नारळ फोडला होता! बॉनेटला हळद-कुंकू आणि झेंडूची माळसुद्धा.

"अगो बाय, थांबा! एक चाक ऱ्हायलंय!" हे कळवळले.

"नारळ फुटलो, मिस्त्री. आता जॅक लावूचो नाय," गंगुबाई म्हणाली. "पूजा झालेल्या गाडयेक कोण उचलून धरता? अपशकुन तो."

सगळ्याजणी तिच्याच बाजूनं. अच्युतराव घड्याळ बघायला लागले. हे जॅकचा दांडा धरून माझ्याकडे बघत राहिले, आणि मीच म्हटलं, "पुरे झालं आता. तीन नीट आहेत तर चौथं काय वाकडं असणार?" ह्यांनी दांडा खाली ठेवला. मला काय माहीत!

शीवच्या नाक्यावर बाकीच्या गाड्यांची वाट बघत आम्ही थांबलो. बायकांनी घोषणा देऊन घसे कोरडे केले होते. मी मागं डाव्या कोपऱ्यात बसले होते, मांडीवर निशाण. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. आणि बघते तर काय, हे सायकल मारीत येतायत, कॅरिअरला जॅक बांधलेला, सदरा अंगाला चिकटलेला!

"उतरा सगळ्या," ते धापा टाकत म्हणाले. "ते चाक बघायचंय."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "मला जाऊ द्यायचं नाही, असं सरळ सांगा ना! हे कसलं नाटक?"

"तसं समज," ते म्हणाले. "पण उतर."

उतरता उतरता गंगुबाईनं कडाकडा बोटं मोडली. अच्युतराव म्हणाले, "मिस्त्री, सगळे निघालेत. मागं राहिलो तर पनवेलला पोलीस अडवतील आम्हाला." ह्यांनी काही ऐकलं नाही. तिथंच रस्त्यात गुडघे टेकले आणि जॅक फिरवू लागले. गाडी उचलली, चाक खाली यायला लागलं आणि मध्येच अडकलं. अजून दोन बोटं उतरायला हवं होतं, पण नळी टणक ताणून बसली होती. ब्रॅकेटच्या जोडावर केसाएवढी चीर पडलेली मीही वाकून पाहिली. लालबागपासून शीवपर्यंतच्या सपाट रस्त्यात ही गत, मग घाटात काय झालं असतं!

 

ह्यांनी दोन बोल्ट काढून ते शॉकअप उतरवलं. "ह्याच्याशिवाय न्या. सावकाश. पण ही बाजू उसळणार. मागचं एक माणूस कमी करा, नाहीतर चाक वर घासेल." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुणाकडेच पाहिलं नाही.

बायका आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. गंगुबाईचा लेक तुरुंगात होता, कौसल्येला पाठीवर लाठ्या बसल्या होत्या. प्रत्येकीकडे काही ना काही होतंच. मिस्त्रीची बायको गाडीत आणि दुसरी रस्त्यावर, हे मला दिसायला लागलं आणि ते काही बघवेना. पण खोटं कशाला बोलू, मनात आलंच होतं की कुणीतरी म्हणावं, 'मीरे, तू बस, मी उतरते.' कुणी म्हटलं नाही.

निशाण कौसल्येच्या हातात दिलं. "माझ्या भावाचं नाव रामू," मी म्हटलं. "आठवलं तर घे."

"घेते गं, घेते," ती म्हणाली आणि निशाण तिनं छातीशी धरलं.

जीप निघाली, डावीकडे उसळत, पण निघाली. हे जॅक कॅरिअरला बांधत होते. दोरीची गाठ काही बसेना त्यांना.

"नारळ फुटल्यावर मी बोलायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"मी कुठं बोलू दिलं?"

तेवढ्यात लांबून अच्युतरावांचा आवाज आला, "संयुक्त महाराष्ट्र..."

जीपमधून बायका ओरडल्या आणि माझ्याही तोंडून सवयीनं जोरात निघून गेलं, "झालाच पाहिजे!" रस्त्यात मी एकटीच. भाजीवाल्यानं वळून पाहिलं. मी पदर तोंडाशी नेला.

मग माझ्या शेजारी, सायकलीला धरून, खाली मान घालून, हे पुटपुटले, "झालाच पाहिजे." सगळ्यांचं म्हणून झाल्यावर.