चहाआधी एक वाक्य

आमच्या घरात सकाळचा चहा फुकट मिळत नसे. त्याला एक वाक्य पडायचं.

दुकान उघडण्याआधी बाबा त्या दिवसाचा बायबलमधला उतारा वाचत. मग हे वचन आज मला काय म्हणालं, ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. सुरुवात लहानापासून, म्हणजे थोरांनी चांगलं वाक्य आधीच पळवू नये. म्हणून पहिली मी, मग आई, मग बाबा आणि शेवटी आत्या, कारण ती बाबांहून मोठी. दुसऱ्याचं वाक्य उसनं घ्यायचं नाही, आणि ‘देव चांगला आहे’ एवढ्यावर सुटका नाही.

“ते त्यालाही माहीत आहे,” आत्या म्हणायची. “तू तुझं सांग.”

तिचं वाक्य झालं की ‘आमेन’ही तीच म्हणे. आमेननंतर त्यावर एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम.

मनन म्हणजे आपल्या मनात डोकावणं, असं बाबा सांगत. प्रत्यक्षात आमच्याकडे जो तो दुसऱ्याच्या मनात डोकावे. उतारे क्रमाने यायचे, निवडायची सोय नव्हती. जो वाट्याला येईल त्यातूनच आपलं घोडं दामटायचं. बाबांच्या घोरण्याबद्दल बोलायला आई येशूचे शिष्य बागेत झोपी जातात तो उतारा येईपर्यंत थांबली होती. “प्रभू प्रार्थना करत होता आणि हे पुरुष घोरत होते,” ती म्हणाली, “मला त्यांच्या बायकांची कीव आली.” कुणाचं वाक्य कुणाला लागलं आणि कुणाची परतफेड अजून बाकी आहे, हा हिशेब मी चहा फुंकता फुंकता मनात मांडायची. सहसा आत्याची बाजू जमेची असे.

पुढच्या खोलीत दुकान होतं. बाबा कापड बेतत आणि मशीन चालवत. काज, बटणं, तुरपाई ही हातकामं आत्याची. तिचं काज इतकं नेटकं, की गिऱ्हाईक आधी ते निरखायचं आणि मग आरशात बघायचं. एकदा गिऱ्हाइकासमोरच तिने कॉलरबद्दल काही सुचवलं, तर बाबा हसत म्हणाले, “ताई, तू खुणेवर कापत जा. डोकं माझ्यावर सोड.”

गिऱ्हाईक हसलं. आत्या हसली नाही.

त्यानंतर आला वकिलांचा कोट. पुरुषांच्या कोटाला काज डाव्या बाजूला असतं, हे शिंप्याच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पण बाबांनी कापड उलटं पसरलेलं असताना खडूने खुणा केल्या, आणि डाव्याचं उजवं झालं. आत्याने त्या खुणांवर काजं कापली, रेशमी धाग्याने शिवलीसुद्धा. वकील आरशासमोर उभे राहिले. त्यांची बोटं बटणं शोधत भलतीकडेच फिरू लागली.

“हा कोट माझ्यासाठी शिवलात की माझ्या बायकोसाठी?” ते म्हणाले, आणि कोट तिथेच टाकून गेले.

शिवण उसवता येते. कापलेलं काज मिटवता येत नाही.

“खूण तुझी,” आत्या म्हणाली.

“हात तुझे,” बाबा म्हणाले.

बस्स, त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बोलायचे ते फक्त चहाआधी, वचनातून. योसेफाच्या गोष्टीवर आत्या म्हणाली, “भावांनी आधी हात घातला तो अंगरख्याला, माणसाला मागाहून.” मिसरच्या फारो राजावर बाबा म्हणाले, “काही मनं रोज थोडी थोडी दगड होत जातात.” त्यावर आत्या: “फारोच्या नशिबी दहा पीडा होत्या. माझ्या एकच, पण घरातली. आमेन.”

मग तिने परगावच्या एका वसतिगृहात मुलींना शिवण शिकवायचं काम पत्करलं. राहायची सोयही तिथेच. आईने परोपरीने विनवलं, “वन्सं, असं करू नका.” पण ट्रंक भरली गेली. काजं कोण करणार, ही बाबांची काळजी असेल. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. मला आत्या घालायची ती माझी वेणी दिसत होती. आईच्या हातची वेणी दुपारपर्यंत टिकत नसे.

जायच्या दिवशी तरी क्षमेबिमेचा एखादा उतारा यावा म्हणून मी आदल्या संध्याकाळी हळूच पान उलटून पाहिलं. पडदे! देवाच्या मंडपाच्या पडद्यांची नुसती मापं. माझा धीरच सुटला.

सकाळी ट्रंक दाराशी होती. बाबा वाचू लागले. लांबी आली, रुंदी आली, आणि त्यांचा आवाज आपोआप मंदावला. शिंपीच तो, मापावरून घाईने कसा जाईल? एका पडद्याच्या काठाला बिरडी, म्हणजे काजासारखे फास, समोरच्या पडद्याच्या काठाला तितकीच, नीट समोरासमोर, इथपर्यंत आले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

“एवढं कापड कुठल्या टेबलावर मावलं असेल?” हे माझं वाक्य. आत्याच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

“पडदे वेगळे विणले, तरी जोडल्यावर मंडप एकच झाला,” आई म्हणाली, दोघांकडे आळीपाळीने बघत. आईला आडून बोलणं कधी जमलंच नाही.

बाबांनी त्या बिरड्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

“बिरडं कुठे हवं, ते देवाने आधी नीट सांगितलं,” ते म्हणाले. “सांगणाराच चुकला असता, तर करणाऱ्याला बोल लावता आला नसता.”

आता आत्या. चहाला उकळी आली होती. आईने गॅस बारीक केला. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

“करणाऱ्याला डोळे होते,” ती शेवटी म्हणाली. “खूण चुकलीय हे त्याला कापायच्या आधीच दिसलं होतं. डोकं चालवू नको म्हणाले होते ना, म्हणून मुद्दाम नाही चालवलं.”

बाबांनी झटक्यात मान वर केली. तोंड उघडलं.

“आमेन,” आत्या म्हणाली.

नियम म्हणजे नियम. बाबांनी तोंड मिटलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतायत; हसत होते. आईने चहा गाळला. पहिला कप बाबांनी स्वतः उचलून आत्यासमोर ठेवला.

“उद्या काय आहे?” तिने कपाकडे बघत विचारलं.

“मंडपाच्या फळ्या.”

“फळ्यांतलं तुला काय कळतंय? ते सुताराचं काम.” तिने घोट घेतला. “तू काय बोलतोस ते ऐकून जाईन. गाडी काय, उद्याही असते.”

फळ्या झाल्या. मग वेदी. मग आला मंडपातल्या याजकाचा झगा: गळा फाटू नये म्हणून त्याला विणलेली पट्टी लावा, असं साक्षात देव सांगतोय. “बघ! कॉलरबद्दल मी वेगळं काय म्हणत होते?” आत्या म्हणाली. त्यापुढे कोण कसली हलतेय! ट्रंकेत आम्ही उन्हाळ्यात लोकरीचे कपडे ठेवू लागलो.

तो कोट बाबांनी स्वतःसाठी ठेवला. खांद्यात सैल होता, तरी शेवटपर्यंत दर रविवारी तोच घालून चर्चला जायचे. त्यांच्या बोटांना त्या उलट्या बटणांची सवय कधीच झाली नाही. दाराशी आत्याच लावून द्यायची, पुटपुटत.

आता ती तिघंही नाहीत. मी एकटीच वाचते, एकटीच वाक्य बोलते, अगदी मोठ्याने. पण आमेन लगेच म्हणत नाही. जरा थांबते. शेवटचं वाक्य माझं नाही, ही सवय काही जात नाही. तोवर चहाला उकळी येते.