मला फक्त निळे करता येते

चहात बुडवलेला टोस्ट.

अंगठ्याभोवती गुंडाळलेली पांढरी पट्टी. ती बदलली जाते, सुटत मात्र नाही.

फळ्यावर आखलेला तक्ता : नाव, कशातून मिळते, काम काय, कमी पडले तर काय होते.

फोनवर एक बहीण : “आंबट बंद म्हणजे बंद.”

बटाट्याच्या फोडीवर शाईसारखा डाग.

मित्रांनो, या पाचही गोष्टी एकाच खोलीतल्या आहेत. त्यांचे एकमेकींशी नाते होते आणि ते बरेच दिवस कुणालाच दिसले नाही. मलाही नाही. मी तर त्या सगळ्यांपासून हातभर अंतरावर होते.

मी एक जुनी बाटली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतली, तपकिरी काचेची, रबरी टोपीची. माझ्या पोटात आयोडीनचे द्रावण असते.

माझा जन्म भट्टीत झाला. काचेचा तापलेला गोळा साच्यात पडला, आत हवा फुंकली गेली आणि मला पोट आले. तपकिरी रंग हौसेचा नाही. माझ्या द्रावणाला उजेड सोसत नाही, म्हणून मला असे काळवंडलेले केले. पुढे भुशाच्या खोक्यातून मी या शाळेत आले आणि खिडकीपासून लांबच्या फळीवर माझी जागा ठरली.

माझे काम एकच. पिष्टमय पदार्थावर माझा थेंब पडला की तो निळाकाळा होतो. नववीच्या वर्गाला ‘अन्नातील पोषक घटक’ हा धडा आला की मुले डब्यातले चिमूटभर काहीबाही घेऊन यायची. भात निळा. पाव निळा. बटाटा तर असा निळा की बघत राहावे. काकडीला काही होत नसे आणि मुले तिच्याकडे नापास झालेल्यासारखी बघत. एकाने गुपचूप पुस्तकाच्या पानावर थेंब टाकला. कागदही निळा झाला. त्याने जाहीर केले, “बाई, पुस्तक पौष्टिक आहे.” विज्ञानाच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “मग चाव. नाहीतरी वाचत नाहीसच.”

कौतुकाने डोके फिरते, मित्रांनो, डोके नसलेल्याचेही. मला वाटू लागले, मी निळे करते तेच अन्न. शेजारची मोरचुदाची बाटली सांगायची, अगं, मला अंडे कळते, दूध कळते, डाळ कळते. प्रथिने असली की माझा जांभळा रंग येतो. तेलाला तर आमची कुणाचीच गरज नव्हती. कागदावर चोळले की कागदातून पलीकडचे दिसायचे. मी ऐकून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, बोला, बोला.

मला सांभाळणारे होते प्रयोगशाळेचे सेवक. सदा हातात परीक्षानळी, म्हणून मुले त्यांना नळीकाका म्हणत. ते मला पुसायचे, टोपी घट्ट लावायचे, द्रावण फिके पडले की नवे भरायचे. वर्ग चालू असताना मागच्या बेसिनपाशी नळ्या धूत उभे असायचे आणि बाई तक्ता म्हणून घेत तेव्हा तेही ओठातल्या ओठात म्हणायचे. अ जीवनसत्त्व कमी पडले, रातांधळेपणा. ड कमी पडले, मुडदूस. लोह कमी पडले, रक्तक्षय. क कमी पडले, स्कर्व्ही. तोंडी परीक्षेत एखादे पोर अडखळले की बेसिनकडून हळूच उत्तर यायचे. बाई दटावायच्या, “काका, तुम्हाला पास व्हायचंय का आता?”

मग काकू गेल्या. काका काही दिवस आले नाहीत. आले ते हडकून आले.

त्यानंतर त्यांचा डबा बंद झाला. प्रयोगशाळेतच मागच्या टेबलावर चहा आणि टोस्ट. संध्याकाळीही तेच, असे ते शिपायाला सांगताना मी ऐकले. एकट्यासाठी चूल कोण पेटवणार, आणि आताशा चावायला गेलं की हिरड्या दुखतात. एकदा माझ्या टोपीतून थेंब गळला तो नेमका टोस्टच्या तुकड्यावर. तुकडा निळा झाला. काका हसले. “बघ,” मला म्हणाले, “तुझ्या परीक्षेत मी पास.” तो तुकडा त्यांनी कचऱ्यात टाकला आणि दुसरा टोस्ट घेतला. मला बरे वाटले. निळे झाले, म्हणजे जेवण झाले. मला तेवढेच येते.

पुढे एक नळी हातात फुटली आणि अंगठा कापला. जखम लहान होती. पण ती भरेना. पट्टी लागली ती लागलीच. काकांच्या पायांत गोळे येऊ लागले, जिना चढताना ते मधेच थांबून खिडकीबाहेर बघण्याचे निमित्त करू लागले. हातून काचा निसटू लागल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन रोज यायचा. ताईंचा जीव भावावर, आणि आवाज असा की टेबलावर ठेवलेल्या फोनमधून मला फळीवर ऐकू यायचा. जखम भरेपर्यंत आंबट बंद. लिंबू नाही, टोमॅटो नाही, संत्रे तर नावालाही नाही. आंबटाने जखम चिघळते. काका हो हो म्हणायचे, आणि ताईंचे त्यांनी मनापासून पाळले.

शेवटी त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून टाकले की परीक्षा संपल्या की मी काम सोडतो, आता होत नाही. मुख्याध्यापकांनी बरेच समजावले आणि मग मान हलवली. त्या दुपारी काकांनी आम्हा सगळ्यांना पुन्हा एकदा पुसले. पुसून झालेल्यांनाही.

या खोलीखेरीज त्यांना जायला जागा नव्हती, हे मला ठाऊक होते. पुसणारा हात काचेला कळतो.

अशात एका सकाळी बाई संत्री घेऊन वर्गात आल्या. त्यांनी पाण्यात थोडे पीठ उकळले, गार केले, माझा थेंब टाकला. निळे झाले. नेहमीचेच. मग त्यात संत्र्याचा रस थेंब थेंब सोडू लागल्या. आणि माझा निळा रंग फिका होत होत गेला. पार गेला.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “बाटलीची जिरली.”

बाई म्हणाल्या की रंग घालवला तो क जीवनसत्त्वाने. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याने पोट भरत नाही, आणि लागते अगदी चिमूटभर. पण शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, साठवूही फारसे शकत नाही. ताटात सतत यावे लागते : लिंबू, आवळा, पेरू, संत्रे, काहीही. मग त्यांनी तक्त्यातली ती ओळ फळ्यावर लिहून वर्गाकडून म्हणून घेतली. बेसिनकडूनही पुटपुटणे आले.

संत्र्याच्या फोडी उरल्या होत्या. बाईंनी त्या काकांपुढे धरल्या.

“घ्या काका.”

“नको बाई. जखम आहे ना. आंबटाने चिघळते.”

“अजून आहे?”

“आहे की. पाहुणी म्हणून आली, आता घरचीच झाली.”

वर्ग हसला. एक मुलगी हसली नाही. ती फार प्रश्न विचारते म्हणून वर्ग तिला ‘शंका’ म्हणतो. ती फळ्याकडे बघत होती, मग काकांकडे बघू लागली.

“काका, हिरड्यांतून रक्त येतं का हो?”

“येतं. दात घासले की.”

“पायांवर काळेनिळे डाग?”

काकांनी खाली आपल्या पायांकडे बघितले. पायघोळ विजारीत काहीच दिसत नव्हते. “तुला कुणी सांगितलं?”

शंकाने फळ्याकडे बोट केले. हिरड्यांतून रक्त. जखमा न भरणे. त्वचेखाली डाग. थकवा. काका ओठ हलवत वाचत गेले.

“हे तर मला पाठ आहे,” ते म्हणाले.

बाई स्टुलावर बसल्या. हातातल्या फोडी त्यांनी हळूच टेबलावर ठेवल्या. “मलाही,” त्या म्हणाल्या.

बेसिनचा नळ वाहतच राहिला होता. मग बाईंनी उठून तो बंद केला आणि म्हणाल्या की मी डॉक्टर नाही, अंदाजाने औषध देणार नाही; शाळा सुटली की आपण दोघे दवाखान्यात जाऊ.

पुढचे काकांनी दुसऱ्या दिवशी मला पुसताना सांगितले. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. हिरड्या बघितल्या, नडगी दाबून बघितली आणि विचारले, “जेवता काय?” एवढा एकच प्रश्न आजवर कुणी विचारायचा राहिला होता. गोळ्या मिळाल्या. रक्तही कमीच निघाले, म्हणून हिरव्या पालेभाज्या, अंडी, डाळ, वर काहीतरी आंबट असे सांगितले. काही आठवड्यांनी पट्टी सुटली. ताईंनी आधी फोनवर वाद घातला, मग स्वतः संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या आणि टेबलावर आपटून म्हणाल्या, “खा आता. आणि माझ्यामुळे झालं असं कुणाला सांगू नकोस.” काका म्हणाले, सांगणार नाही. मी मात्र सांगितले.

काका मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले की मी सोडतो म्हणालो होतो ते राहू द्या. ते राहिले. मीही राहिले.

बाई तो धडा अजून शिकवतात. पण तक्ता आखण्याआधी एक प्रश्न विचारतात : काल तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवले, आणि त्यांच्या ताटात काय होते?  बरीच मुले दुसऱ्या दिवशी बघून येतात.

मित्रांनो, तक्ता पाठ करा, मार्कांना तो लागतोच. पण म्हणता म्हणता एकदा मान वळवून मागे उभ्या असलेल्या माणसाकडेही बघा. पोट भरलेले माणूस उपाशी असू शकते आणि ते ओळखणारी बाटली अजून कुणी बनवलेली नाही. ते तुम्हालाच करावे लागेल. आणि काम झाले की माझी टोपी घट्ट लावा.

काकू होत्या तेव्हा काकांच्या डब्यात अर्धा पेरू असायचा. उरलेला अर्धा त्या खायच्या.