मातेओने बूट घातले

माझ्या लेकीच्या लेकाला माझ्याशी बोलायचंच नसतं. मातेओ चार वर्षांचा आहे, मेक्सिकोत राहतो, आणि शाल्मलीने फोन समोर धरला की पळून जातो. पळणारच. मला त्याची स्पॅनिश येत नाही आणि त्याला मराठी शिकवायला हिला वेळ नाही. बोलायला गेलं की म्हणते, "आई, सुरू करू नकोस."

म्हणून या वयात मी स्पॅनिशचा क्लास लावला. इथे बंगळुरात, एचएसआरमधल्या आमच्याच सोसायटीत भव्या नावाची मुलगी शिकवते. गुडघे दुखतात, वर्गात डोळे मिटायला लागतात, आणि घरी आल्या आल्या ह्यांची कूस बदलून द्यायची असते. ह्यांना पॅरालिसिस झाल्यापासून मला भाजीलासुद्धा मोकळेपणी जाता येत नाही. मेक्सिको तर राहूच दे. शंतनू, आमचा मुलगा, म्हणतो, "कशाला नसता ताप डोक्याला?" स्वतः ऑफिसातून येतो तो तोंड मिटून. मी दिवसभर कोणाशी बोलू, ते नाही सांगत.

भव्याने चालू असलेलं काम कसं सांगायचं ते शिकवलं. एस्तोय कोमिएंदो. आयटीवाली पोरं गोंधळली. मी पडले नागपूरची, मला लगेच कळलं. मी जेवून राहिली. पुण्याची माणसं हसतात आमच्या या बोलण्याला. हसू देत.

मग भेंडी चिरताना, ह्यांना भरवताना घोकत बसले. "स्वल्प सावकाश, आंटी," भव्या तिच्या कानडी ढंगात म्हणायची.

एका सकाळी फोन लागला. तिकडे संध्याकाळ होती. मातेओ पळायच्या आत मी विचारलं, "के एस्तास आसिएंदो?" काय करून राहिला रे तू?

तो थांबला. हातातला ट्रक दाखवून म्हणाला, "एस्तोय हुगांदो." खेळून राहिलो. मी त्याला कढई दाखवली, स्वयंपाक करून राहिली म्हणून सांगितलं. तो हसला. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

तेवढ्यात ह्यांनी आतून हाक मारली. मला उठावं लागलं, आणि निघताना जन्मभर जे म्हणत आले तेच तोंडात आलं. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. 'येते' म्हणतात. मी स्पॅनिशमध्ये तेच म्हटलं, "एस्तोय विनिएंदो," आणि फोन ठेवला.

तासाभराने शाल्मलीचा फोन. "आई, काय सांगितलंस तू त्याला? बूट घालून दारात बसलाय. जेवत नाहीये. आजी येतेय म्हणतो."

मी कपाळाला हात लावला. "अगं, येते म्हटलं. आपण म्हणतो तसं."

"आपण कसं म्हणतो ते त्याला कधी कळलंय?" ती चिडली होती. मग तिचा आवाज उतरला. "तूच सांग आता. माझ्याने नाही होत."

तिने फोन फिरवला. बंद दार, त्याला टेकून तो. बूट उलटसुलट पायांत, ट्रक मांडीवर.

"आबुएला," तो म्हणाला, "एस्तास विनिएंदो?"

त्याने मला पहिल्यांदाच आजी म्हणून हाक मारली होती. प्रश्नही मला अक्षर न् अक्षर कळला. हो म्हणावं असं फार वाटलं. आतून ह्यांनी पुन्हा हाक मारली.

"नो, बाळा," मी म्हटलं. एवढं सांगायला कुठल्या क्लासची गरज नव्हती.

त्याने ट्रक बाजूला ठेवला. मग बूट काढायला लागला.